कुणी न टेकलेल्या उशा

तुळजापूर,
१२ फेब्रुवारी १९४७

प्रिय शिवगंगेस अनसूयेचा सप्रेम नमस्कार.

अक्षर ओळखलंस, की पाकीट उघडून आधी खालचं नाव वाचलंस? दहा वर्षांत माझी तुला दोनच पत्रं गेली. एक तुझ्या थोरल्याच्या बारशाला आणि दुसरं आमचे हे गेल्याचं. तू मात्र दर दिवाळीला लिहीत आलीस. तेव्हा आधी कान धरते, मग पुढचं लिहिते.

मी आता इथं अण्णांकडंच असते. उस्मानाबादच्या शाळेतून सुटल्यावर ते तुळजापूरला परत आले आणि वर्षभरात त्यांची नजर गेली. सोलापूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, उपाय नाही म्हणाले. मी रोज त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, आलेली पत्रं वाचून दाखवते. दुपारी ते ओट्यावर बसतात आणि आवाजावरून पाखरांची नावं सांगतात. चुकत नाहीत. आपल्याला घाटाखाली नेऊन सुगरणीची घरटी दाखवायचे, ते आठवतं? तू, मी आणि सिद्धेश्वरदादा. तुझ्या ओच्यात चिंचा आणि अण्णांचं लक्ष घरट्यांत. रविवारी हात धुवायला लावून ट्रंकेतून ते इंग्रजी पुस्तक काढायचे आणि जुन्या काळच्या निसर्गाच्या अभ्यासकांची चित्रं दाखवायचे. एवढं घर पोरांनी भरलेलं असायचं. आता अण्णा आणि मी. दादा दहा वर्षांत या गावात आलेला नाही. तो सोलापूरला छापखान्यात असतो, अण्णा त्याचं नाव काढत नाहीत.

आता कामाचं. तुमच्या मुरुमचे कल्याणप्पा पुनवेला देवीला येतात, ते परवा अण्णांशी बोलत बसले होते. बोलता बोलता म्हणाले, "आमच्या महांतप्पांच्या बैठकीत पाच उश्या हायती, त्यांवर टोपवाल्या सायबांची तोंडं भरल्याती. सून लई हुशार." अण्णा एकदम ताठ बसले. म्हणाले, "पाच? त्यात एक बाई आहे का?" कल्याणप्पांना ते आठवेना.

शिवा, अण्णांनी तुला कधी विचारलंच तर सांग की कॅलेंडरवरून किंवा बिस्किटांच्या डब्यावरून चित्रं काढली. एवढं माझं ऐक. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
अनू

*

मुरुम,
२ मार्च १९४७

प्रिय अनू,

पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मामंजी म्हणाले, "सून एका कागदाला किती येळ लावती गं?"

हो, त्या पाची उशा आहेत, आणि जशा होत्या तशा आहेत, कारण आजतागायत त्यांना कुणीही टेकलेलं नाही. ही गोष्ट तुला सांगायची राहूनच गेली. लग्नात रुखवत मांडलं, तेव्हा बाकी सगळं सगळ्यांसारखं होतं, पोपट, कमळं, मण्यांचं तोरण. मध्ये या पाच उशा. मुरुमचे पाहुणे गोळा झाले. कुणी तरी विचारलं, हे कोण? मी घुंगटातून म्हणाले, "आमच्या अण्णामास्तरांचे गुरू." झालं. मला म्हणायचं होतं, अण्णा ज्यांना मानतात ते. पाहुण्यांनी ऐकलं गुरू. आमच्या घरात गुरू म्हणजे काय ते तुला माहीत आहे. बैठकीवर उशा मांडल्या आणि मामंजी त्यांच्यापासून हातभर लांब बसले. गेली दहा वर्षं तसेच बसतात. पाठीत कळ येते तरी टेकत नाहीत. मी एकदा म्हणाले, मामंजी, या टेकायलाच केल्या आहेत. तर म्हणाले, "कुणाच्या तरी गुरूचं तोंड हाय त्ये. पाठ कशी लावू?" रोज सकाळी इभूत लावताना बोटाला उरलेली इभूत त्या पाचांना लागते. लिनिअसच्या कपाळावर तर पांढरा डाग पडलाय. बुफाँ, रे आणि छातीवर पदकं लावलेला क्यूव्हिए, सगळे आमच्याकडं लिंगायत झाले.

आत्याबाईंची आवडती मात्र ती टोपीवाली म्हातारी, मारिया मेरियन. मी त्यांना अण्णांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, की ही बाई अळ्या पाळायची, त्यांचे कोश व्हायचे, फुलपाखरं व्हायची, ते बसून काढायची आणि पन्नाशी उलटल्यावर लेकीला घेऊन समुद्रापार किडे बघायला गेली. आत्याबाईंनी उशी उजेडात धरून बघितली. मग विचारलं, "नवऱ्यानं जाऊ दिलं व्हय?" आता एरंडाच्या पानावर अळी दिसली की त्या मला हाक मारतात.

पण अनू, कॅलेंडरचं सांग असं का लिहिलंस? मला काही कळलं नाही. अण्णांनीच तर पुस्तकातली पानं काढून दिली होती. तूच आणून दिलीस आणि म्हणालीस, "अण्णा म्हणाले, शिवगंगेच्या रुखवतात जाऊ देत." त्यांनी स्वतःच दिलेलं ते विसरले असतील तर त्यांना आठवण करून द्यायला हवी. मी त्यांना वेगळं पत्र लिहिलंय आणि मेरियनबाईंची उशी कल्याणप्पांबरोबर पाठवतेय. आत्याबाई सोडेनात, पण अण्णांना दिसत नाही म्हटल्यावर त्यांनीच बांधून दिली. म्हणाल्या, "हातानं बगतील."

एक विचारू? अण्णा माझ्या लग्नाला का आले नाहीत? आमच्या दारापासून तुमचं दार वीस पावलांवर. मी अक्षता पडेपर्यंत वाट बघत होते.

तुझी,
शिवा

*

तुळजापूर,
१० मार्च १९४७

प्रिय शिवा,

तुझी उशी पोचली आणि अण्णांना लिहिलेलं पत्रही पोचलं. त्यांची पत्रं मीच वाचते हे तुझ्या लक्षात राहिलं नाही, नाहीतर असं पत्र तू लिहिलं नसतंस. की मुद्दाम लिहिलंस?

कल्याणप्पांच्या समोरच अण्णा म्हणाले, वाच. मी वाचायला लागले. "तीर्थस्वरूप अण्णांस शिवगंगेचा साष्टांग नमस्कार. तुम्ही माझ्या लग्नात दिलेली..." आणि माझी जीभ अडकली. पुढं पुस्तकातली पाच पानं असं होतं. मी वाचलं, "दिलेली शिकवण विसरले नाही." मग तुरीचं पीक, थंडी, मुलांचा अभ्यास, मनाला येईल ते वाचत सुटले. तू लिहिलेलं एक अक्षर वाचलं नाही. अण्णा मांडीवर उशी घेऊन बसले होते आणि त्यांची बोटं टाक्यांवरून फिरत होती. माझं खोटं वाचन संपलं, तेव्हा ते म्हणाले, "ही टोपीची झालर. ही मेरियन आहे, अनू." मग म्हणाले, "हिनं चित्र कुठून काढलं?" मी म्हणाले, डब्यावरून. ते म्हणाले, "मेरियनचं चित्र कुठल्या डब्यावर येतं?" 

शिवा, अण्णांनी पानं दिली नव्हती. मी कापली.

तुझं लग्न ठरलं आणि तू म्हणालीस, माझ्या रुखवतात असं काही तरी हवं जे मुरुमच्या कुणी बघितलेलं नाही. मी फुशारकी मारली की अण्णा देतील. मग त्यांना विचारायची छाती झाली नाही. ते पुस्तक त्यांना त्यांच्या हेडमास्तरांनी जाताना दिलेलं, आम्हाला हात धुतल्याशिवाय शिवायला मिळायचं नाही. अण्णा उस्मानाबादला होते, तेव्हा दादाच्या वस्तऱ्यानं मी पाची पानं कापली. तू खाका उतरवलास की परत आणून चिकटवीन, असं डोक्यात होतं. पण तू सुईनं रेघांवर भोकं पाडून कोळशाची पूड फिरवलीस, आणि पानं चाळणीसारखी झाली. ती परत कशी ठेवणार होते? मी म्हणाले, असू देत तुझ्याकडं.

अण्णांनी परत आल्यावर पुस्तक उघडलं, आणि मग त्यांना वस्तऱ्याला चिकटलेला कागदाचा तंतू सापडला. त्यांनी दादाला विचारलं. दादानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "हो, मी कापली." अण्णा ओरडले नाहीत. ताटावर बसले होते, एवढंच म्हणाले, "ज्याला पुस्तकाची किंमत नाही, त्यानं माझ्या पंक्तीला बसू नये." दादा ताटावरून उठला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीनं सोलापूरला गेला. तो एकोणीस वर्षांचा होता. मी दाराआड उभी होते आणि तोंड उघडलं नाही.

तुझं लग्न त्यानंतर दहाव्या दिवशी होतं. अण्णा आठ दिवस घराबाहेर पडले नव्हते. लग्नाला आले असते तर रुखवत बघितलं असतं, म्हणून ते आले नाहीत याचा मला आनंद झाला होता. हे पण लिहून टाकते.

आता तू कुणाला काही बोलू नकोस. अण्णा थकलेत. हे ऐकून त्यांचं काय होईल?

अनू

*

मुरुम,
२४ मार्च १९४७

अनू,

तुझं पत्र आल्यापासून माझा हात कामाला लागत नाही. रागानं लिहिते आहे, तेव्हा गोड लागणार नाही.

दहा वर्षं मला वाटत होतं, अण्णा लग्नाला आले नाहीत कारण मी त्यांच्या घरातली नव्हते. शेजारच्या दुकानदाराची पोर, लिंगायताची, आली तर बसवून घेतली, गेली तर गेली. हे मी कुणाला बोलले नाही. सासरी कुणी म्हटलं, तुमचे मास्तर कधी आले नाहीत ते, तर मी विषय बदलायची. आणि त्यांचा पोरगा घरातून गेला होता म्हणून ते आले नव्हते. तुझ्या दादाचं घर सुटलं आणि माझं रुखवत नटलं. लोकांनी वाहवा केली ती मी मान खाली घालून ऐकली, आणि खालच्या मानेनं हसलेसुद्धा.

अण्णांचं काय होईल म्हणतेस. दादाचं काय झालं ते तू कधी विचारलंस? छापखान्यात तो दुसऱ्यांची पुस्तकं जुळवतो आणि बापाच्या घरात पुस्तकाला वस्तरा लावणारा म्हणून त्याचं नाव आहे. अण्णांनी उद्या डोळे मिटले तर हेच घेऊन जातील. मग तू कुणाला सांगणार आहेस?

मी मामंजींना सांगितलं. लपवायचं ठरवलं होतं, पण सकाळी त्यांचं बोट इभूत घेऊन लिनिअसकडं गेलं आणि माझ्यानं राहवलं नाही. ते ऐकून उशांकडं बघत राहिले. म्हणाले, "यांचा काय गुन्हा? पर ज्याचं हाय त्याला सांगून टाका. सांगितल्याबिगर आता मला हात लावू वाटंना." त्या दिवसापासून त्यांनी इभूत लावली नाही.

चैत्री पुनवेला कल्याणप्पांबरोबर मी स्वतः येते. पाची पानं माझ्या पेटीत आहेत, ती घेऊन येते. त्याच्या आत तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. तू माझी जिवाची मैत्रीण आहेस, म्हणून तुला आधी मुदत देते.

शिवगंगा

*

तुळजापूर,
३ मे १९४७

प्रिय शिवा,

धाकट्याला गोवर निघाला म्हणून तू येऊ शकली नाहीस, असं कल्याणप्पांनी सांगितलं. आता बरा असेल. पानं त्यांनी सुखरूप पोचवली. पण ती येण्याच्या तीन दिवस आधीच मी अण्णांना सांगितलं होतं. तुझ्या धाकानं सांगितलं, माझ्या हिमतीनं नाही.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कशानं कापलीस?" मी म्हणाले, दादाच्या वस्तऱ्यानं. म्हणाले, "पुस्तक आण." ट्रंकेतून काढून मांडीवर दिलं. जिथून पानं गेली आहेत तिथं शिवणीपाशी कागदाच्या पट्ट्या राहिल्यात, त्यांवरून ते बोट फिरवत राहिले. एक, दोन, अशा पाची पट्ट्या. मग म्हणाले, "किती सरळ कापलंय. सिद्धेश्वरचा हात असा कधीच नव्हता. साधी रेघ त्याला सरळ यायची नाही. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं, अनू. तेव्हा डोळे होते."

चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी जेवण वाढायची, ते जेवायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, कार्ड आण. सांगितलं ते मी लिहिलं. "चि. सिद्धेश्वर यास आशीर्वाद. पानं तू कापली नव्हतीस हे मला कळलं. मी न तपासता शिक्षा केली. मास्तरानं हे करू नये, बापानं तर नाहीच. जमलं तर ये." मी म्हणाले, माझं नाव घाला. तर म्हणाले, "ते तू त्याला तोंडानं सांगायचं आहे."

काल त्याचं उत्तर आलं. दोनच ओळी. "तीर्थरूप अण्णांस सा. न. पत्र पावलं. ज्या कुणी पानं कापली असतील त्या माणसाला काही बोलू नये, एवढी विनंती. बाकी क्षेम." शिवा, तो अजून मला सांभाळतोय. त्या दिवशी ताटावरून माझ्याकडं बघितलं तेव्हाच त्याला कळलं होतं, आणि माझ्यासाठी त्यानं हे सगळं अंगावर घेतलं. कार्ड हातात घेऊन मी किती रडले ते सांगत नाही. येतो म्हणून मात्र लिहिलेलं नाही. अण्णा रोज मोटार यायच्या वेळेला ओट्यावर जाऊन बसतात.

मेरियनबाईंना ते उशाशी घेऊन झोपतात. तेवढी एकच उशी वापरात आली, असं मामंजींना सांग.

तुझी,
अनू

*

मुरुम,
६ ऑक्टोबर १९४८

प्रिय अनू,

हे पत्र तुला कुठं गाठेल कोण जाणे. तुळजापूरच्या पत्त्यावर टाकते आहे. वर्षभर तुझं अक्षर नाही. मी पाठवलेल्या तीन पत्रांतलं एकही पोचलं नसेल. इकडून निम्मं गाव सोलापूर, बार्शीकडं पांगलं होतं, आता एकेक बैलगाडी परत येते आहे. रझाकारांच्या दिवसांत आम्ही गाव सोडलं नाही. मामंजी म्हणाले, कुठं जायाचं या वयात.

एकदा घराची झडती झाली. बंदूकवाल्यांतला एक जण बैठकीत शिरला आणि पदकं लावलेल्या क्यूव्हिएसमोर उभा राहिला. "ये कौन साहब हैं?" मामंजी म्हणाले, "गुरू." तो पदकं मोजत राहिला, मग बाकीच्यांना म्हणाला, "चलो, ये बड़े लोगों का घर है." आणि सगळे निघून गेले. धान्याच्या कणग्या तशाच राहिल्या. आता सांग, मामंजी यापुढं त्याला पाठ लावतील का?

तू आहेस ना? अण्णा कसे आहेत? एका ओळीचं कार्ड टाक, नुसतं आहे म्हणून लिही.

तुझी,
शिवा

*

सोलापूर,
२१ ऑक्टोबर १९४८

प्रिय शिवा,

पत्र पोस्टमननं इकडं पाठवलं. मी आहे. अण्णा नाहीत. एप्रिलात गेले.

मागच्या पौषात आम्हाला तुळजापूर सोडावं लागलं. दोन गाठोडी, ते पुस्तक आणि तुझी उशी एवढंच घेतलं. सोलापुरात जाणार कुणाकडं? मला एकच पत्ता पाठ होता. मोटार अड्ड्यावर उतरलो तर दादा समोर उभा. सरहद्दीकडून मोटारी येतात म्हणून कामावरून सुटल्यावर रोज येऊन बघत होता म्हणे. अण्णांनी विचारलं, "कोण?" तो म्हणाला, "मी." अण्णांनी त्याचा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. एका खोलीत तो, वनमालावहिनी, त्यांची चार वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघं. चार महिने राहिलो. अण्णा नातीला आवाजावरून पाखरं शिकवायचे. छापखान्याच्या गल्लीत चिमण्या आणि कावळे यांच्याशिवाय काही नाही, पण चिमण्यांचेच सात आवाज त्यांनी तिला शिकवले. जाण्याच्या आदल्या दिवशी दादाला म्हणाले, "तू माझ्या पंक्तीला बस." दादानं त्यांच्याजवळ ताट घेतलं. अण्णांच्या पोटात काही जात नव्हतं, पण तो जेवेपर्यंत ते उठून बसले होते.

आता जे मला डाचतंय ते लिहिते. तेरावं झाल्यावर मी दादाचे पाय धरले. म्हणाले, मी पानं कापली आणि तू माझ्यासाठी घर सोडलंस, हे ऋण मला फिटणार नाही. त्याचा चेहरा एकदम उतरला. म्हणाला, "तू? तू कापलीस?" मी म्हणाले, तुला ठाऊकच होतं ना. तो उठला. चप्पल घालून बाहेर गेला तो पार जेवणाच्या वेळेला परत आला. तेव्हापासून माझ्याशी नीट वागतो, हवं नको बघतो, पण डोळ्याला डोळा देत नाही. त्याला ठाऊक नव्हतं, शिवा. मग तो गेला कशासाठी? आणि आता कळल्यावर त्याच्या मनात माझ्याबद्दल काय असेल? मला विचारायची छाती होत नाही. तू त्याला लिही. तुझं तो ऐकेल. म्हणावं, बहिणीला पदरात घे.

तुझी,
अनू

*

सोलापूर,
१४ नोव्हेंबर १९४८

सौ. शिवगंगाबाई यांस सिद्धेश्वरचा नमस्कार.

आपलं पत्र पावलं. अनूच्या वतीनं आपण क्षमा मागितलीत, त्याची गरज नव्हती. मी तिच्यावर रागावलेलो नाही. तिच्याकडं बघवत नाही याचं कारण वेगळं आहे. ते तिला सांगता येणार नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहितो.

पानं गेली त्या दिवसांत मी तुमच्या वडिलांचं, शंकरप्पांचं, पंचांग परत द्यायला तुमच्या घरी आलो होतो. मागच्या दारी तुम्ही बसला होता. मांडीवर उशी, उशीवर मेरियनचं पान, आणि तुम्ही जिभेचं टोक दातांत धरून सुईनं भोकं पाडत होता. तुम्ही मला बघितलं नाहीत. मी पंचांग तसंच घेऊन परत आलो. आमच्या घरात तुमचं येणंजाणं होतं, वस्तरा कोनाड्यात असायचा, तेव्हा मला वाटलं की पानं तुम्हीच नेलीत. दहा वर्षं हेच वाटत होतं. अण्णांना कार्डावर विनंती केली ती तुमच्यासाठी होती.

अण्णांनी विचारलं तेव्हा खरं सांगितलं असतं तर ते पुस्तकासाठी उठून शंकरप्पांकडं गेले असते. त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक होता. मुरुमची मंडळी याद्या करायला गावात उतरलेली होती. लग्न दहा दिवसांवर आलं होतं. त्यांच्यासमोर तुम्हाला चोर म्हटलं गेलं असतं. ते मला बघवलं नसतं. म्हणून हो म्हणालो.

याच्यावरून मला फार चांगला समजू नका. तुमच्या लग्नाची तिथी मला पाठ होती आणि त्या दिवशी मला तुळजापुरात राहायचं नव्हतं. कुठं जावं हे कळत नव्हतं, अण्णांनी वाट करून दिली. त्यांनी घालवलं हे खरं, पण मी निघायला तयारच बसलो होतो. अनू दहा वर्षं ज्याचं ओझं वाहते आहे, त्यातला निम्मा वाटा तिचा नव्हताच.

आता सगळं ठीक आहे. वनमाला चांगली आहे, मुलगी हुशार आहे. अण्णा शेवटी माझ्या घरातून गेले. आणखी काही मागावं असं राहिलेलं नाही. ती उशी आमच्याकडं आहे. हवी असेल तर कल्याणप्पांच्या हाती पाठवतो, नको असेल तर इथं राहू द्यावी.

आपला,
सिद्धेश्वर

*

मुरुम,
२ डिसेंबर १९४८

प्रिय अनू,

तुझ्या दादांचं पत्र आलं. ते तुझ्यावर रागावलेले नाहीत, कधीही नव्हते. का, ते मला विचारू नकोस आणि त्यांनाही विचारू नकोस. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेव आणि त्यांच्या डोळ्याला डोळा दे. थोडे दिवस जाऊ देत, तेही देतील. तू पानं कापलीस ही तुझी चूक होती, गप्प राहिलीस ही त्याहून मोठी होती, आणि दोन्ही आता अण्णांबरोबर गेल्या. यापुढं तू तो विषय काढलास तर मी मात्र रागावेन.

मी फार रडले, हे तुझ्यापासून लपवत नाही. आत्याबाईंनी विचारलं, मी म्हणाले, अण्णामास्तर गेले. ते तर खरंच होतं, आणि त्यांच्यासाठी मोकळेपणी रडायला मिळालं याचं मला बरंच वाटलं. दादांना उत्तर लिहायला तीनदा बसले. शेवटी लिहिलं, पत्र पावलं, मी सुखी आहे, उशी तिथंच राहू द्या. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

अण्णांना कळल्यावरही मामंजी म्हणाले होते, "ज्या पोरानं भोगलं त्यालाबी कळू द्या." आता त्यांना सांगितलं की त्यालाही सगळं कळलं. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांना पुन्हा इभूत लागली.

पत्र आलं तेव्हाही ते बैठकीतच होते, पोस्टमननं त्यांच्याच हातात दिलं. पाकिटावर सोलापूरचा शिक्का, वर अनोळखी अक्षर. तुला ठाऊक आहे, आप्पा गेल्यावर भावांनी दुकान मोडलं आणि ते गुलबर्ग्याला गेले. तुळजापुरात आमचं म्हणावं असं काही उरलं नाही, आणि भावांचं पत्र मला कधी येत नाही. मामंजींनी पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "कुणाचं गं ह्ये?"

मी हात पुढं केला आणि म्हणाले, "माहेरचं."

तुझी,
शिवा